फुलर ऑलब्राइट

फुलर ऑलब्राइट (जन्म : बफेलो, न्यू यॉर्क राज्य, अमेरिका, १२ जानेवारी १९००, मृत्यू : बॉस्टन, ८ डिसेंबर १९६९) हे अमेरिकन वैद्यक-संशोधक आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचे तज्ज्ञ होते. परावटू ग्रंथी, हाडे आणि शरीरातील कॅल्शियम व फॉस्फरस यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना होणारी अस्थिसुषिरता हा वेगळा विकार आहे, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे नाव लाभलेले किंवा त्यांनी प्रथम वर्णिलेले अनेक विकार वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. मात्र त्यांच्या नावाने न ओळखला जाणारा, पण फार दूरवर गेलेला त्यांचा एक विचार असा की, ज्या अवयवाचा संप्रेरकाशी काही संबंध नाही, त्या अवयवाचा कर्करोगही संप्रेरक तयार करू शकतो. त्यांनी हा विचार १९४१ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णावरून मांडला. पुढे याच वाटेने रक्ताच्या व लसीका ग्रंथींच्या काही कर्करोगांत रक्तातील कॅल्शियम एकाएकी का वाढते, याचा उलगडा झाला.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण सामान्यतः १०० मिलिलिटरला सुमारे ९ ते १०.५ मिलिग्रॅम असते. ते बरेच वाढले की रुग्णाला सतत तहान लागते, लघवी वारंवार होते, बद्धकोष्ठ होतो, भूक जाते, गुंगी येते आणि भ्रम होतो. वेळीच उपचार न मिळाल्यास मूत्रपिंडे निकामी होतात, हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि मृत्यू ओढवू शकतो. कर्करोगाने खचलेल्या रुग्णाची ही अवस्था पूर्वी रोगाचा अटळ शेवट म्हणून सोडून दिली जात असे. तिच्यामागे शोधता येण्याजोगे आणि थोपवता येण्याजोगे कारण असते, ही समज ऑलब्राइट यांच्या विचारापासून सुरू होते.

बालपण व शिक्षण

फुलर यांचे वडील जॉन जोसेफ ऑलब्राइट हे बफेलोतील मोठे उद्योजक होते. कोळसा, पोलाद आणि नायगाराच्या धबधब्यावरील वीजनिर्मिती अशा अनेक उद्योगांत त्यांचा सहभाग होता. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले कलादालन १९०५ मध्ये बफेलोत खुले झाले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर मुलांच्या शिक्षणासाठी घरी आलेल्या सुझन फुलर या पदवीधर तरुणीशी त्यांनी दुसरा विवाह केला. त्या फुलर ऑलब्राइट यांच्या आई होत. मुलाला ठेवलेले नाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव आहे. फुलर यांचे शालेय शिक्षण बफेलोतील निकोल्स शाळेत झाले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ते सैनिकी प्रशिक्षणासाठी दाखल झाले. जगभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तेही आजारी पडले आणि त्यातून बरे झाले. पुढे ऐन तारुण्यात त्यांना झालेल्या कंपवाताचे मूळ या तापात असावे, असे काही डॉक्टरांना वाटत असे. तो केवळ तर्क आहे. हार्वर्ड विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी हार्वर्डच्याच वैद्यक महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२४ साली पदवी मिळवली. त्यानंतर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या रुग्णालयात त्यांची उमेदवारी सुरू झाली. मधली काही वर्षे वगळता त्यांचे पुढचे सारे आयुष्य याच रुग्णालयात गेले.

फॉस्फरसचा धडा

ऑलब्राइट यांच्या साऱ्या कामाची गुरुकिल्ली त्यांच्या उमेदवारीच्या काळात सापडते. त्या वेळी या रुग्णालयात जोसेफ ऑब हे शिशाच्या विषबाधेवर संशोधन करत होते. रंगकाम किंवा विजेऱ्यांचे कारखाने यांत काम करणाऱ्यांच्या शरीरात शिसे साठते आणि ते कॅल्शियमप्रमाणेच हाडांत जाऊन बसते. हाडांतून कॅल्शियम बाहेर काढणाऱ्या परावटू ग्रंथीच्या अर्काने शिसेही बाहेर निघेल काय, हे पाहण्याचा तो प्रयत्न होता. हा अर्क कॅनडातील जेम्स कॉलिप यांनी १९२५ च्या सुमारास शुद्ध स्वरूपात तयार केल्यामुळे अशा प्रयोगांना आधार मिळाला होता. परावटू ग्रंथी म्हणजे गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे असलेल्या, गव्हाच्या दाण्यापेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या बहुधा चार ग्रंथी. शरीरातील कॅल्शियमचा हिशेब त्या राखतात.

ऑब यांच्याकडे ऑलब्राइट चयापचयाच्या मोजमापाची पद्धत शिकले. रुग्णाला खास कक्षात ठेवायचे, त्याच्या आहारातील प्रत्येक घास मोजायचा, मल व मूत्र यांतून बाहेर पडणारे प्रत्येक द्रव्य मोजायचे आणि जमाखर्चाचा ताळा घालायचा, अशी ती पद्धत होती. किराणा दुकानदाराच्या वहीसारखा हा रोजचा हिशेब कंटाळवाणा वाटेल; पण ऑलब्राइट यांच्या बहुतेक शोधांचा उगम अशाच हिशेबात आहे.

त्यानंतर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले. तेथे रीड एल्सवर्थ यांच्यासह त्यांनी परावटू ग्रंथीचे काम अपुरे असलेल्या एका मुलाचा अभ्यास केला. या मुलाला ग्रंथीचा अर्क टोचल्यावर शरीरात क्रमाने काय घडते, ते त्यांनी पाहिले. सर्वांत आधी मूत्रातून फॉस्फरस भराभर बाहेर जाऊ लागला. रक्तातील फॉस्फरस उतरला आणि त्यानंतर कॅल्शियम चढले. हा निबंध १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून ऑलब्राइट यांनी असा सिद्धांत मांडला की, परावटू संप्रेरकाचे पहिले कार्यस्थान मूत्रपिंड आहे आणि हाडांवरील परिणाम नंतरचा आहे. हे संप्रेरक थेट हाडांवरच कार्य करते, असे मानणारा दुसरा पक्ष होता आणि हा वाद बरीच वर्षे चालला. अखेरीस दोन्ही पक्षांत तथ्य निघाले, कारण संप्रेरक दोन्ही ठिकाणी कार्य करते. पण या वादामुळे ऑलब्राइट यांच्या मनात एक खूण कायमची ठसली. ती अशी की, रक्तात कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी अशी जोडी दिसली, तर तेथे परावटू संप्रेरकाचा हात आहे असे समजावे.

व्हिएन्नातील वर्ष

१९२८–२९ मध्ये ते व्हिएन्ना येथे याकोब एर्डहाइम या विकृतिवैज्ञानिकाकडे शिकले. परावटू ग्रंथी, दात व हाडे यांचा संबंध एर्डहाइम यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच दाखवला होता. हाडे मऊ होऊ लागली की त्यांची भरपाई करण्यासाठी या ग्रंथी वाढतात, असे त्यांचे मत होते. त्याच शहरात १९२५ साली शल्यचिकित्सक फेलिक्स मांडल यांनी हाडांच्या व्याधीने जर्जर झालेल्या एका ट्राम कंडक्टरच्या गळ्यातील परावटू ग्रंथीची गाठ काढली आणि रुग्ण सुधारला. म्हणजे निदान काही रुग्णांत तरी ग्रंथीची गाठ हे कारण होते आणि हाडांचा क्षय हे कार्य. ऑलब्राइट यांनी एर्डहाइम यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानले, पण या प्रश्नावर गुरूच्या मताला मुरड घालण्यास ते कचरले नाहीत.

बॉस्टनमधील कार्य

१९२९ मध्ये ते बॉस्टनला परतले. परावटू ग्रंथीच्या अतिस्रावाचा त्या काळचा सर्वांत गाजलेला रुग्ण हा व्यापारी जहाजाचा एक कप्तान होता. एकेकाळी धिप्पाड असलेल्या या माणसाची हाडे इतकी ठिसूळ झाली होती की त्याची उंची सुमारे १८ सेंटिमीटरांनी घटली होती. न्यू यॉर्क व बॉस्टन येथे त्याच्या गळ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, पण गाठ सापडली नाही. स्वतः शरीररचनेची पुस्तके वाचून छातीत शोध घ्यावा असा आग्रह या कप्तानाने धरला, असे सांगतात. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत एडवर्ड चर्चिल व ऑलिव्हर कोप यांना गाठ छातीच्या पोकळीतच सापडली. दुर्दैवाने काही आठवड्यांनी मुतखड्याच्या उपद्रवातून त्याचा मृत्यू झाला. या रुग्णाने दिलेली शिकवण ऑलब्राइट यांनी वाया जाऊ दिली नाही. मुतखड्याच्या रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियम तपासण्याचा त्यांनी प्रघात पाडला. तेव्हा असे दिसून आले की, दुर्मीळ समजला जाणारा हा ग्रंथिविकार मुळीच इतका दुर्मीळ नाही. हाडे ठिसूळ होण्याच्या फार आधी तो मुतखड्याच्या रूपाने प्रकट होतो.

यानंतरच्या पंधरा वर्षांत त्यांच्या हातून झालेल्या कामाचा पल्ला थक्क करणारा आहे. १९३७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी हाडांत तंतुमय डाग, त्वचेवर कॉफीच्या रंगाचे चट्टे आणि मुलींना अकाली येणारे वयात येणे या तिन्हींचा एकत्रित विकार वर्णिला. डॉनोव्हन मॅक्क्यून यांनीही तो स्वतंत्रपणे वर्णिल्यामुळे आज दोघांची नावे त्याला जोडलेली आहेत. त्याच वर्षी ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या मात्रेला दाद न देणाऱ्या मुडदूसाचे त्यांनी सविस्तर वर्णन केले. १९४१ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेवरील निबंध प्रसिद्ध झाला. पाठीचे मणके खचलेल्या रुग्णांत रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांचाच भरणा आहे, हे त्यांना जाणवले होते. अंडी घालण्यापूर्वी कबुतरांच्या मादीच्या हाडांत कॅल्शियमचा साठा होतो, हे एका पक्ष्यांवरील अभ्यासातून त्यांना ठाऊक होते. या दोन गोष्टी जोडून त्यांनी स्त्रीसंप्रेरकाचा अभाव हे कारण सुचवले आणि ते संप्रेरक देऊन शरीरातून होणारी कॅल्शियमची गळती कमी होते हे मोजून दाखवले.

१९४२ हे वर्षही असेच भरघोस ठरले. पुरुषांतील एका लैंगिक विकाराचे वर्णन त्यांच्या विभागात झाले. त्या निबंधावर पहिले नाव हॅरी क्लाइनफेल्टर या तरुण सहकाऱ्याचे आहे, म्हणून विकारालाही त्याचेच नाव मिळाले. ज्येष्ठांनी कनिष्ठांच्या कामावर आपले नाव आधी घालण्याची रीत कुठेच अपरिचित नाही. त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याच वर्षी त्यांनी असे रुग्ण वर्णिले की ज्यांच्यात परावटू संप्रेरकाच्या अभावाची सर्व लक्षणे होती, पण बाहेरून संप्रेरक दिले तरी त्यांच्या शरीरावर काही परिणाम होत नव्हता. दोष ग्रंथीत नसून संप्रेरकाची हाक न ऐकणाऱ्या अवयवांत आहे, हा विचार तोपर्यंत कोणी मांडलेला नव्हता. या विकाराला त्यांनी सीब्राइट बँटम या कोंबड्याचे नाव दिले. त्या जातीच्या नराला मादीसारखी पिसे असतात आणि त्याची त्वचा नरसंप्रेरकाला दाद देत नाही, असा तेव्हाचा समज होता. गंमत अशी की हा दाखला पुढे चुकीचा ठरला. त्या कोंबड्याची त्वचा नरसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते, म्हणून त्याला मादीची पिसे येतात. शिवाय जातीच्या नावाचे खरे लेखन सेब्राइट असे आहे. उपमा चुकली, पण सिद्धांत टिकला.

१९४१ चा रुग्ण

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये निवडक रुग्णांवर जाहीर चर्चा होत असे आणि ती न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात छापली जात असे. ही प्रथा आजही चालू आहे. १९४१ साली अशा एका चर्चेत मूत्रपिंडाचा कर्करोग असलेला, कमरेच्या हाडात रोगाची एक गाठ पसरलेला पुरुष रुग्ण होता. त्याच्या रक्तातील कॅल्शियम फार वाढले होते.

यावर सरळ स्पष्टीकरण उपलब्ध होते. कर्करोग हाड पोखरतो आणि पोखरलेल्या हाडातील कॅल्शियम रक्तात उतरते. बहुतेक डॉक्टर येथेच थांबले असते. ऑलब्राइट थांबले नाहीत, कारण त्यांचे लक्ष दुसऱ्या आकड्यावर होते. हाड हे कॅल्शियम व फॉस्फरस या दोहोंच्या संयुगाचे बनलेले आहे. ते नुसते विरघळत असेल, तर रक्तात दोन्ही द्रव्ये वाढायला हवीत. या रुग्णाचा फॉस्फरस मात्र कमी होता. म्हणजे बारा वर्षांपूर्वी बाल्टिमोरच्या मुलात पाहिलेली तीच जोडी येथे दिसत होती. शल्यचिकित्सकांनी गळा उघडून पाहिला, पण परावटू ग्रंथीत दोष आढळला नाही. पुढे हाडातील गाठीवर क्ष-किरणांचा उपचार केल्यावर रक्तातील कॅल्शियम उतरले.

ग्रंथी निर्दोष आहेत, तरीही त्यांच्या संप्रेरकाची खूण शरीरावर उमटली आहे आणि गाठ आक्रसली की ती खूण पुसट होते. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर एकच तर्क उरतो. गाठच ते संप्रेरक, किंवा तसेच काही द्रव्य, तयार करत असली पाहिजे. ऑलब्राइट यांनी तो तर्क चर्चेत मांडला. त्यावर स्वतंत्र ग्रंथ किंवा मोठा निबंध त्यांनी लिहिला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगासोबत अधिवृक्क ग्रंथीच्या अतिस्रावाची लक्षणे असलेली एक रुग्ण १९२८ मध्ये इंग्लंडमधील डब्ल्यू. एच. ब्राउन यांनी नोंदवली होती. म्हणजे अशी उदाहरणे दृष्टीस पडलेली होती. त्यांच्यामागील कारणपरंपरा आकड्यांच्या आधारे मांडण्याचे श्रेय ऑलब्राइट यांच्याकडे जाते.

आजार व अखेरची वर्षे

हे सर्व काम ते करत होते तेव्हा त्यांचे स्वतःचे शरीर त्यांना साथ देत नव्हते. १९३२ मध्ये त्यांचा क्लेअर बर्ज यांच्याशी विवाह झाला. त्यांना दोन मुलगे झाले. विवाहानंतर चारपाच वर्षांतच, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या आसपास, कंपवाताची पहिली लक्षणे दिसू लागली. वर सांगितलेली बहुतेक मोठी कामे त्यानंतरची आहेत. हळूहळू हात लिहिण्याजोगा राहिला नाही आणि बोलणे अस्पष्ट झाले. तरुण सहकारी त्यांची वाहने चालवत, त्यांचे लेखन उतरवून घेत आणि त्यांचे शब्द इतरांना समजावून सांगत. या निमित्ताने त्यांच्या सतत सान्निध्यात राहिलेल्यांपैकी अनेक जण पुढे स्वतः नामवंत संशोधक झाले. अ‍ॅन फोर्ब्स, एडवर्ड रायफेनस्टाइन आणि फ्रेडरिक बार्टर ही त्यांतील ठळक नावे. अमेरिकेतील चिकित्सा-संशोधकांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून १९४४ मध्ये त्यांनी संशोधकाने काय करावे व काय टाळावे यावर जे भाषण लिहिले, ते आजही आवडीने वाचले जाते. त्यात मोजमापाचा आग्रह आहे आणि थट्टाही भरपूर आहे. रायफेनस्टाइन यांच्यासह लिहिलेला परावटू ग्रंथी व हाडांच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ या विषयाचा आधारग्रंथ राहिला. १९५५ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

त्या काळी कंपवातावर परिणामकारक औषध नव्हते. लेव्होडोपाचा वापर रूढ होण्यास अजून दहाबारा वर्षे होती. मेंदूच्या खोल भागात अल्कोहोल टोचून तेथील ठराविक पेशी नष्ट करण्याची शस्त्रक्रिया न्यू यॉर्क येथे अर्व्हिंग कूपर यांनी सुरू केली होती. ती धोक्याची आहे हे ऑलब्राइट यांना ठाऊक होते. आयुष्यभर रुग्णांवर नव्या उपचारांचे प्रयोग करणाऱ्या या संशोधकाने १९५६ मध्ये स्वतःवरही तो प्रयोग करून घेतला. एका बाजूची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि कंप कमी झाला. त्यामुळे दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया करण्यात आली. तिच्यात मेंदूत रक्तस्राव झाला आणि ते कायमचे निःशब्द व परावलंबी झाले. त्यानंतरची तेरा वर्षे त्यांनी आपल्याच रुग्णालयातील एका खोलीत, रुग्ण म्हणून काढली. ८ डिसेंबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

विचाराचा पुढील प्रवास

ऑलब्राइट अंथरुणाला खिळल्यानंतरच्या काळातच त्यांच्या १९४१ च्या तर्काला पाठबळ मिळत गेले. १९५७ मध्ये विल्यम श्वार्ट्‌झ व त्यांचेच शिष्य बार्टर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन रुग्ण नोंदवले. या रुग्णांच्या शरीरात मूत्र रोखणाऱ्या संप्रेरकाचा अतिरेक असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९६० च्या दशकात ग्रँट लिडल यांनी कर्करोगाच्या गाठींतून अधिवृक्काला चेतवणारे संप्रेरक प्रत्यक्ष वेगळे केले. अशा निर्मितीला अस्थानी संप्रेरक-निर्मिती म्हणजे नको त्या जागी होणारी निर्मिती असे नाव पडले. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीजवळ साऱ्या जनुकांचा संच असतो. फुप्फुसाच्या पेशीतही संप्रेरकाची जनुके असतात, पण ती कुलूपबंद असतात. कर्करोगात हा बंदोबस्त ढिला पडतो, असे याचे ढोबळ स्पष्टीकरण आहे.

कॅल्शियमचे कोडे मात्र लवकर सुटले नाही. सोलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांच्या किरणोत्सारी मापनपद्धतीने १९६३ पासून परावटू संप्रेरक रक्तात मोजता येऊ लागले. पद्धत जसजशी काटेकोर होत गेली, तसतसे उलटच दिसू लागले. कॅल्शियम वाढलेल्या बहुतेक कर्करुग्णांत हे संप्रेरक वाढलेले नव्हते. ते दबलेले होते. ऑलब्राइट चुकले होते काय? १९८७ मध्ये उत्तर मिळाले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे टी. जॉन मार्टिन यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतून एक प्रथिन शुद्ध केले. अमेरिकेतील दोन गटही त्याच सुमारास तेथपर्यंत पोहोचले. या प्रथिनाचा आरंभीचा भाग परावटू संप्रेरकाशी जुळतो, त्यामुळे ते त्याच ग्राहीवर बसते आणि तेच परिणाम घडवते. हाडांतून कॅल्शियम सुटते आणि मूत्रातून फॉस्फरस जातो. परावटू ग्रंथी मात्र चढलेले कॅल्शियम पाहून आपले काम थांबवतात. त्याला परावटू संप्रेरक-संबंधित प्रथिन असे म्हणतात. १९४१ चा तर्क यंत्रणेबाबत बरोबर होता. द्रव्य मात्र तेच नसून त्याचे भावंड निघाले. हे प्रथिन निरोगी शरीरातही त्वचा, स्तन व वाढत्या हाडांची कूर्चा यांत तयार होते, तेव्हा त्याला काटेकोरपणे अस्थानी म्हणणेही अवघड आहे. खरे परावटू संप्रेरकच तयार करणारे कर्करोग आढळले आहेत, पण ते फार विरळा.

रक्ताच्या कर्करोगांत

रक्ताच्या पेशी अंतःस्रावी नाहीत, म्हणून त्यांच्या कर्करोगात संप्रेरकाचा विचार सुरुवातीला कोणाच्या मनात येत नसे. या क्षेत्रातील सर्वांत ठळक उदाहरण जपानमधून आले. प्रौढांतील टी-पेशींचे श्वेतकोशिकार्बुद हा वेगळा रोग आहे, असे क्योतो येथील कियोशी ताकात्सुकी व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले. नैऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांत तो विशेष आढळतो. त्याच्यामागे एचटीएलव्ही-१ हा विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. या रोगाच्या आक्रमक प्रकारात मोठ्या संख्येने रुग्णांचे कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत चढते आणि अनेकांच्या बाबतीत तेच मृत्यूचे निकट कारण ठरते. १९८७ चे प्रथिन सापडल्यावर लगेचच या कर्कपेशी ते प्रथिन तयार करतात हे दिसून आले. विषाणूचे टॅक्स नावाचे प्रथिन त्या जनुकाला चालना देते, असेही आढळले.

लसीकार्बुदात मार्ग वेगळा असतो. १९८४ मध्ये नील ब्रेस्लाऊ व सहकाऱ्यांनी असे लसीकार्बुदाचे रुग्ण नोंदवले, की ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, वाढलेले होते. हे रूप स्वतःच एक संप्रेरक आहे आणि ते एरवी मुख्यतः मूत्रपिंडात, काटेकोर नियंत्रणाखाली तयार होते. लसीकार्बुदाच्या गाठींत, विशेषतः तेथील भक्षक पेशींत, ते अनिर्बंध तयार होते आणि आतड्यातून कॅल्शियमचे शोषण वाढते. येथे फॉस्फरस कमी नसतो, कारण हे संप्रेरक आतड्यातून दोन्ही द्रव्ये आत घेते. या प्रकारात स्टिरॉइड औषधांचा चांगला उपयोग होतो, तसा तो पहिल्या प्रकारात होत नाही. म्हणून कोणते संप्रेरक जबाबदार आहे हे ओळखणे ही केवळ नावाची बाब राहत नाही.

मज्जार्बुदात तिसरा प्रकार दिसतो. त्याच्या पेशी अस्थिमज्जेत बसून शेजारच्या हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. त्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये बहुतांशी जागच्या जागीच कार्य करतात, रक्तातून दूरवर संदेश नेत नाहीत. मूत्रपिंडेही बहुधा बिघडलेली असल्याने फॉस्फरस सामान्य किंवा वाढलेला असतो. म्हणजे ज्या सरळ स्पष्टीकरणाला ऑलब्राइट यांनी १९४१ मध्ये नकार दिला, ते येथे बऱ्याच अंशी लागू पडते. कॅल्शियम वाढलेल्या रक्तरुग्णाच्या तपासणीत आज परावटू संप्रेरक, त्याचे संबंधित प्रथिन व कॅल्सिट्रायॉल ही तिन्ही मोजता येतात. पण त्याच्या तपासणीपत्रकावर फॉस्फरसचा आकडा आधी पाहण्याची सवय डॉक्टरांत टिकून आहे. शिरेतून क्षारयुक्त द्रव देणे आणि हाडांचा क्षय रोखणारी औषधे वापरणे हा तातडीचा उपचार असतो. मूळ कर्करोग आटोक्यात आल्याशिवाय त्याचा परिणाम टिकत नाही.

नावाचा वारसा

ऑलब्राइट यांनी वेगवेगळ्या वर्षी वर्णिलेले दोन विकार, म्हणजे १९३७ चा चट्ट्यांचा विकार आणि १९४२ चा संप्रेरकाला दाद न देणारा विकार, एकाच जनुकाच्या दोन विरुद्ध बिघाडांतून होतात. पहिल्यात ते जनुक सतत चालू राहते, दुसऱ्यात त्याचे काम अपुरे पडते. हे त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी उघड झाले. हाडे व खनिजे यांच्या संशोधनाला वाहिलेली अमेरिकन संस्था त्यांच्या नावाने पुरस्कार देते. तो संशोधनाच्या आरंभीच्या टप्प्यात मोलाचे काम करणाऱ्या तरुणांसाठी राखून ठेवला आहे.